लिओ फेंडर

क्लॅरन्स लिओनिडस फेंडर ऊर्फ लिओ फेंडर (१० ऑगस्ट १९०९ – २१ मार्च १९९१) हे विद्युत वाद्ये आणि त्यांचे ॲम्प्लिफायर बनविणारे अमेरिकी संशोधक व उद्योजक होते. टेलिकास्टर व स्ट्रॅटोकास्टर या गिटारांचे निर्माते म्हणून ते जगभर ओळखले जातात. मात्र रॉक संगीताच्या जडणघडणीत त्यांच्या आणखी दोन निर्मितींचा वाटा तितकाच मोठा आहे. १९५१ मध्ये बाजारात आलेली प्रिसिजन बेस ही विद्युत बेस गिटार आणि १९५२ मध्ये खास तिच्यासाठी तयार केलेला बेसमन हा ॲम्प्लिफायर या त्या दोन निर्मिती होत. या जोडीमुळे वाद्यवृंदातील खर्जाचा आवाज प्रथमच ढोल-झांजांच्या गजरातही स्पष्ट ऐकू येऊ लागला. पुढे बेसमनचा वापर बेसवादकांपेक्षा गिटारवादकांनीच अधिक केला आणि त्याच्या रचनेवरून इंग्लंडमध्ये मार्शल ॲम्प्लिफायरचा जन्म झाला. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे.

बालपण आणि शिक्षण

लिओ फेंडर यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात, संत्र्याच्या बागा असलेल्या शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव क्लॅरन्स मोंटे आणि आईचे नाव हॅरिएट होते. लिओ आठ वर्षांचे असताना गाठ झाल्यामुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला व त्या जागी काचेचा डोळा बसविण्यात आला. याच कारणाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यभरतीस अपात्र ठरले.

विद्युत उपकरणांची गोडी त्यांना मामाकडून लागली. सांता मारिया येथे मामांचे मोटारगाड्यांच्या विद्युत भागांचे दुकान होते. त्यांनी लिओला जुन्या रेडिओचे सुटे भाग आणि एक बॅटरी भरलेली पेटी पाठविली. पुढच्या वर्षी दुकानाला भेट दिली असता मामांनी स्वतः बनविलेल्या रेडिओचा दणदणीत आवाज त्यांनी ऐकला. त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. शाळेत असतानाच ते घरी रेडिओ दुरुस्त करू लागले. लहानपणी त्यांनी पियानोचे आणि नंतर सॅक्सोफोनचे धडे घेतले, पण वादक म्हणून ते फार पुढे गेले नाहीत.

१९२८ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी फुलर्टन ज्युनिअर कॉलेजमध्ये हिशेबशास्त्र हा विषय घेतला. विद्युत किंवा ध्वनी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. या विषयातील त्यांचे ज्ञान वाचनातून, मोडतोड-जोडणीतून आणि दुरुस्तीच्या कामातून आलेले होते.

रेडिओ दुरुस्तीचे दुकान

शिक्षणानंतर फेंडर यांनी बर्फ व शीतगृहाच्या कंपनीत, राज्याच्या महामार्ग विभागात आणि टायरच्या कंपनीत हिशेबनीस म्हणून नोकऱ्या केल्या. याच काळात एका स्थानिक वाद्यवृंदाच्या प्रमुखाने त्यांच्याकडून नृत्याच्या कार्यक्रमांसाठी ध्वनिक्षेपक यंत्रणा बनवून घेतल्या. १९३४ मध्ये त्यांचा विवाह एस्थर क्लोस्की यांच्याशी झाला. जागतिक आर्थिक महामंदीत त्यांची नोकरी गेली. तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलरचे कर्ज काढून त्यांनी फुलर्टन येथे फेंडर रेडिओ सर्व्हिस हे दुकान उघडले.

दुकानात रेडिओ आणि ग्रामोफोनबरोबर वादकांचे नादुरुस्त ॲम्प्लिफायरही येऊ लागले. ते का बिघडतात, कोणता भाग लवकर जळतो, कोणता सांधा निखळतो आणि दुरुस्ती करताना पेटी उघडणे किती जिकिरीचे होते, हे फेंडर यांना रोजच्या कामातून समजत गेले. त्यांच्या पुढील सर्व निर्मितीमागे या अनुभवाचा पाया होता. यंत्र सोपे, मजबूत आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त करता येईल असे असावे, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत कायम राहिला.

१९४५ मध्ये डॉक कॉफमन या वादक-कारागिराच्या भागीदारीत त्यांनी के अँड एफ ही कंपनी सुरू केली. मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन पद्धतीची स्टील गिटार आणि तिचा छोटा ॲम्प्लिफायर ही कंपनीची मुख्य उत्पादने होती. १९४६ मध्ये कॉफमन भागीदारीतून बाहेर पडले. फेंडर यांनी व्यवसाय एकट्याने पुढे नेला व त्याला लवकरच फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी हे नाव मिळाले. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन हे त्यांचे सहकारी झाले. विक्रीची जबाबदारी डॉन रँडल यांच्याकडे होती.

१९५० मध्ये कंपनीने सलग लाकडाची विद्युत गिटार बाजारात आणली. तिचे ब्रॉडकास्टर हे नाव ग्रेच कंपनीच्या ढोलसंचाच्या नावाशी जुळत असल्याने बदलावे लागले आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर या नावाने विकली जाऊ लागली.

खर्जाचा प्रश्न आणि प्रिसिजन बेस

त्या काळातील जॅझ, कंट्री आणि नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांत खर्जाची बाजू डबल बेस हे वाद्य सांभाळत असे. हे वाद्य माणसाच्या उंचीहून मोठे असते व उभे राहून वाजवितात. त्याची पोकळ लाकडी पेटी मोठी असली तरी ढोलसंच, तुताऱ्या आणि विद्युत गिटार यांच्यासमोर त्याचा आवाज दबून जाई. मोटारीतून गावोगाव फिरणाऱ्या वादकांना ते वाहून नेणेही अवघड होते. शिवाय सारंगी किंवा व्हायोलिनप्रमाणे त्यावर पडदे नसतात. त्यामुळे स्वराची अचूक जागा केवळ सरावाने व कानाने साधावी लागते.

फेंडर यांनी या तिन्ही अडचणींवर एकत्र उपाय शोधला. १९५१ च्या अखेरीस आलेल्या प्रिसिजन बेसला पोकळ पेटीऐवजी सलग लाकडाचे अंग होते. ती गिटारप्रमाणे पट्ट्याने गळ्यात अडकवून वाजविता येई. सतारीप्रमाणे तिच्या मानेवर धातूचे पडदे बसविलेले असल्याने स्वर नेमका लागत असे. वाद्याच्या नावातील प्रिसिजन हा शब्द अचूकता याच अर्थाने आला आहे. तिच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटीमीटर ठेवण्यात आली. हेच माप पुढे बहुतेक बेस गिटारांसाठी प्रमाण मानले गेले. विद्युत बेसचे काही प्रयोग अमेरिकेत १९३० च्या दशकातही झाले होते, परंतु मोठ्या प्रमाणावर तयार होऊन वादकांनी स्वीकारलेली ही पहिलीच बेस गिटार होती.

जॅझ वादक मंक माँटगोमरी यांनी लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ही बेस गिटार वापरली. एल्व्हिस प्रेस्ली यांच्या साथीला डबल बेस वाजविणारे बिल ब्लॅक १९५७ मध्ये प्रिसिजन बेसकडे वळले. डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमर्सन यांनी हेच वाद्य वाजविले.

बेसमन ॲम्प्लिफायर

सलग लाकडाच्या बेस गिटारचा स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. तारेचे कंपन पिकअपमधील चुंबक व तारेच्या वेटोळ्यामुळे क्षीण विद्युत संकेतात रूपांतरित होते. ॲम्प्लिफायर हा संकेत अनेक पटींनी वाढवून स्पीकरला पुरवितो. त्यामुळे चांगल्या ॲम्प्लिफायरविना प्रिसिजन बेस निरुपयोगी होती.

खर्जाचे स्वर वाढविणे हे नेहमीच्या गिटारचे स्वर वाढविण्याहून कठीण असते. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. इतके कमी कंपन मानवी कानाला तितकेसे तीव्र ऐकू येत नाही, म्हणून तेवढाच मोठेपणा जाणवण्यासाठी अधिक शक्ती लागते. स्पीकरच्या कागदी शंकूलाही पुढे-मागे बरेच अंतर हलावे लागते. लहान किंवा दुबळा स्पीकर अशा वेळी घरघरतो किंवा फाटतो. गिटारसाठीच्या तत्कालीन लहान ॲम्प्लिफायरना बेस जोडली असता हेच होत असे.

१९५२ मधील पहिल्या बेसमनमध्ये १५ इंच व्यासाचा एक स्पीकर होता आणि त्याची शक्ती सुमारे २६ वॉट होती. त्या काळातील इतर ॲम्प्लिफायरप्रमाणे त्यातही निर्वात नळ्या, म्हणजे बोलीभाषेतील व्हॉल्व्ह, वापरलेल्या होत्या. लाकडी पेटीवर पिवळसर रंगाचे जाड विणीचे कापड चिकटविलेले असे. या कापडावरून १९५० च्या दशकातील फेंडर ॲम्प्लिफायर ट्वीड या नावाने ओळखले जातात.

१९५४ च्या अखेरीस बेसमनची रचना पूर्णपणे बदलण्यात आली. एका मोठ्या स्पीकरऐवजी १० इंचांचे चार स्पीकर बसविण्यात आले. त्यामुळे भार चार शंकूंमध्ये वाटला गेला. शक्तीही वाढविण्यात आली. पुढील काही वर्षे वादकांच्या सूचनांनुसार त्यात लहानमोठे बदल होत राहिले. १९५८ ते १९६० या काळात तयार झालेली ५एफ६-ए ही आवृत्ती या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध होय. तिची शक्ती ४५ वॉटच्या आसपास होती. खर्ज, मध्य आणि तार या तिन्ही पट्ट्यांसाठी तिच्यात स्वतंत्र नियंत्रणे होती, तसेच आवाजाला धार देणारे प्रेझेन्स हे चौथे नियंत्रणही होते.

मूळ हेतूपासून वेगळा वापर

फेंडर यांना स्वच्छ, न फाटलेला आवाज हवा असे. ॲम्प्लिफायरचा आवाज वाढविताना मूळ स्वरात भेसळ होणे हा त्यांच्या दृष्टीने दोष होता. बेसमनही स्वच्छ खर्जासाठी बनविलेला होता. प्रत्यक्षात मात्र त्याची कीर्ती वेगळ्याच कारणाने झाली.

चार स्पीकरच्या बेसमनची पेटी मागून उघडी होती आणि १० इंचांचे स्पीकर मध्य पट्टीतील स्वर विशेष ठळकपणे देत. अतिशय खोल खर्जासाठी ही रचना तितकीशी सोयीची नव्हती. गिटारला मात्र ती मानवली. आवाज मध्यम ठेवला तर गिटारचा स्वर भरदार व उजळ येई. आवाज पूर्ण वाढविला की व्हॉल्व्ह आपल्या क्षमतेबाहेर जात, संकेताच्या लहरींची टोके छाटली जात आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळून तो खरखरीत व दीर्घकाळ टिकणारा होई. वादकाने तार हलकेच छेडली तर आवाज स्वच्छ राही आणि जोराने छेडली तर तो गुरगुरे. ब्ल्यूज व रॉक अँड रोल वाजविणाऱ्या गिटारवादकांना हा गुण हवाहवासा वाटला. ब्ल्यूजमधील हार्मोनिकावादकांनीही हाच ॲम्प्लिफायर पसंत केला. अभियंत्याने दोष मानलेला आवाज अशा प्रकारे एका नव्या संगीतप्रकाराची ओळख बनला.

या ॲम्प्लिफायरचा प्रभाव अमेरिकेपुरता मर्यादित राहिला नाही. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे ढोलसंचांचे दुकान होते. तेथे येणाऱ्या तरुण गिटारवादकांना फेंडरसारखा आवाज हवा होता, परंतु आयात केलेले अमेरिकी ॲम्प्लिफायर त्यांना परवडत नसत. १९६२ मध्ये मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांच्या साहाय्याने ५एफ६-ए बेसमनच्या विद्युत मंडलावर आधारित जेटीएम-४५ हा ॲम्प्लिफायर तयार केला. स्पीकर आणि काही सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळणारे वापरल्याने त्याचा आवाज अधिक कडक झाला. पुढच्या मार्शल ॲम्प्लिफायरची परंपरा येथून सुरू झाली आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील हार्ड रॉक संगीताचा आवाज बव्हंशी त्यावरच घडला.

समकालीन बेस ॲम्प्लिफायर

बेसचा आवाज वाढविण्याच्या प्रश्नावर फेंडर एकटेच काम करीत नव्हते. एव्हरेट हल या बेसवादकाने १९४० च्या दशकात डबल बेसच्या तळाच्या खुंटीमध्ये बसणारा मायक्रोफोन तयार केला होता. त्यावरूनच त्यांच्या कंपनीला ॲम्पेग हे नाव मिळाले. १९६० मध्ये या कंपनीने बी-१५ पोर्टाफ्लेक्स हा ॲम्प्लिफायर आणला. त्याची पेटी बंद होती आणि वरचा भाग उलटा करून पेटीतच ठेवता येई. त्याचा मऊ व गोल खर्ज ध्वनिमुद्रणासाठी विशेष उपयुक्त ठरला.

त्या काळात सभागृहातील ध्वनिक्षेपण यंत्रणा मुख्यतः गायकाच्या आवाजासाठी असे. वाद्ये श्रोत्यांपर्यंत पोहोचत ती मंचावरील त्यांच्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरमधूनच. श्रोत्यांची संख्या वाढत गेली तशी अधिक शक्तीची गरज भासू लागली. १९६१ मध्ये फेंडर कंपनीनेही बेसमनची एकसंध पेटी सोडून ॲम्प्लिफायर व स्पीकर यांच्या दोन वेगळ्या पेट्या केल्या. कॅलिफोर्नियातील गिटारवादक डिक डेल यांच्या जोरकस वादनापुढे अनेक ॲम्प्लिफायर आणि स्पीकर निकामी झाले. त्यांच्याबरोबर केलेल्या चाचण्यांतून फेंडर यांनी शोमन ही अधिक शक्तिमान मालिका तयार केली. १९६९ मध्ये आलेल्या ॲम्पेगच्या एसव्हीटी या बेस ॲम्प्लिफायरची शक्ती ३०० वॉट होती. पहिल्या बेसमनच्या तुलनेत ही वाढ सतरा वर्षांत अकरापटीहून अधिक होती.

कार्यपद्धती

फेंडर यांना गिटार वाजविता किंवा सुरात लावता येत नसल्यामुळे त्यांनी वादकांच्या मतावर पूर्ण भिस्त ठेवली. नवे वाद्य किंवा ॲम्प्लिफायर तयार झाला की तो स्थानिक वादकांना कार्यक्रमात वापरायला दिला जाई. वादकांनी सांगितलेल्या उणिवांप्रमाणे त्यात बदल केले जात. १९५४ मधील स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या रचनेत हवाई बेटांवरील वादक फ्रेडी टवारेस यांचा महत्त्वाचा सहभाग होता. त्याच वर्षी कारखान्याची व्यवस्था पाहण्यासाठी फॉरेस्ट व्हाइट कंपनीत आले. १९६० मध्ये फेंडर यांनी जॅझ बेस हे दुसरे बेस वाद्य आणले. तेही आजतागायत प्रचारात आहे.

कंपनीची विक्री

१९५० च्या दशकात फेंडर यांना सायनसचा जंतुसंसर्ग झाला. अनेक वर्षे उपचार करूनही तो बरा होईना. आपण फार काळ जगणार नाही, या समजुतीने त्यांनी कंपनी विकण्याचा निर्णय घेतला. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने ती १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. त्यानंतर डॉक्टर बदलल्यावर फेंडर यांचा आजार बरा झाला. तथापि करारानुसार दहा वर्षे त्यांना त्याच क्षेत्रात स्पर्धा करण्यास मनाई होती. स्वतःच्या नावाची कंपनी दुसऱ्याच्या हाती असताना ते १९७० पर्यंत तिचे सल्लागार राहिले.

नव्या मालकीत उत्पादन वाढले, पण गुणवत्ता घसरल्याची तक्रार वादकांत होऊ लागली. परिणामी १९६५ पूर्वीच्या फेंडर वाद्यांना व ॲम्प्लिफायरना संग्राहकांकडून मागणी वाढली. जुनी विद्युत वाद्ये मौल्यवान मानण्याची प्रथा रूढ होण्यास हे एक प्रमुख कारण ठरले. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखालील गटाने कंपनी सीबीएसकडून विकत घेतली. १९९० मध्ये या कंपनीने ५एफ६-ए बेसमनची नवी आवृत्ती बाजारात आणली.

उत्तरायुष्य

फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर या जुन्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्षपद फेंडर यांनी १९७५ मध्ये स्वीकारले. १९७६ मध्ये आलेली तिची स्टिंगरे बेस विशेष गाजली. या बेस गिटारमध्ये बॅटरीवर चालणारे लहान विवर्धक मंडल बसविलेले होते. त्यामुळे वादकाला स्वराचा पोत वाद्यावरच बदलता येई. मतभेदांमुळे फेंडर या कंपनीतून बाहेर पडले आणि १९७९ च्या सुमारास जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही कंपनी काढली. हे नाव जॉर्ज आणि लिओ यांच्या आद्याक्षरांवरून घेतले आहे. १९७९ मध्येच पत्नी एस्थर यांचे कर्करोगाने निधन झाले. १९८० मध्ये फेंडर यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला.

अखेरच्या काळात त्यांना कंपवाताचा आजार होता. तरीही ते रोज कारखान्यात जात आणि पिकअप व इतर भागांवर प्रयोग करीत. २१ मार्च १९९१ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला. २००९ मध्ये त्यांना तांत्रिक कार्यासाठीचा ग्रॅमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.

वारसा

विद्युत बेस आणि तिचा ॲम्प्लिफायर यांमुळे वाद्यवृंदाची रचनाच बदलली. पूर्वी मोठ्या सभागृहासाठी दहा-पंधरा वादक लागत. आता दोन गिटार, एक बेस आणि एक ढोलसंच एवढ्यावर तेच सभागृह भरून टाकता येऊ लागले. चार जणांचा रॉक गट ही कल्पना या तांत्रिक बदलावर उभी आहे. तबल्यात डग्ग्याला जे स्थान आहे, तेच या गटात बेसला मिळाले. ताल आणि स्वर यांना जोडणारा दुवा म्हणून ती ऐकली जाऊ लागली.

या बदलाचे पडसाद भारतातही उमटले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात पूर्वी खर्जासाठी डबल बेस वापरीत. १९६० व १९७० च्या दशकांत त्याच्या जोडीला विद्युत बेस गिटार आली. संगीतकार राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे शिकलेले गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्या क्वीन या गटात बेसवादक जॉन डीकन प्रामुख्याने फेंडर प्रिसिजन बेस वाजवीत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, मराठवाड्यातील बीडसारख्या जिल्ह्यांतही, वरातीपुढे वाजणाऱ्या बँजो पथकांची वाद्यरचना स्वतंत्र परंपरेतील आहे. तरी तार, पिकअप, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ही तिच्यातील साखळी तीच आहे.

ट्रान्झिस्टर आणि संगणकीय तंत्रज्ञान आल्यानंतर व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर इतर क्षेत्रांतून जवळजवळ हद्दपार झाले. वाद्यांच्या क्षेत्रात मात्र ते टिकून राहिले. ५एफ६-ए बेसमनच्या मंडलावर आधारित ॲम्प्लिफायर आजही अनेक लहानमोठे कारागीर तयार करतात. त्यांपैकी बहुतेक बेससाठी नव्हे, तर गिटारसाठी विकत घेतले जातात.